अकरा निरोगी

सगळ्यात वरचा काप

राजाजीनगरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांइतकी निरोगी माणसं अख्ख्या बंगळुरात शोधून सापडायची नाहीत, असं वासुदेवरावांनी सुनेला छातीठोकपणे सांगितलं. सांगायला ते खुर्चीतून उठून उभे राहिले. नीरजाला तो उत्साह वाटला. खरी गोष्ट अशी, की बसल्या जागेवरून बोलायचं तर मान वर करावी लागली असती. आणि मान वर केली की भिंत, भिंतीवरचं घड्याळ आणि समोरचं माणूस, तिन्ही मिळून गरागरा फिरायला लागत. चैत्रापासून हे चाललं होतं. आता श्रावण लागला होता.

"किती पाहिजेत तुला?"

"दहा-बारा मिळाले तरी पुष्कळ, अण्णा. पन्नाशी-साठीचे. चक्कर नाही, कानाचं दुखणं नाही, असे."

"आठवड्यात उभे करतो."

"आधी स्वतः उभं राहा म्हणावं सकाळी, भिंत न धरता," स्वयंपाकघरातून तुंगाबाईंचा आवाज आला.

"काय म्हणताहेत आई?"

"काही नाही गं. तिचं आपलं चालूच असतं."

त्याच्या जरा खाली

मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसच्या गल्लीजवळ वासुदेवरावांचं फोटोफ्रेमचं दुकान. आजोबांनी काढलेलं. देव, लग्नं, वारलेली माणसं, पदवीदान. भिंतीवर लावण्यासारखं जे काही गावात घडतं ते कधी ना कधी त्यांच्या टेबलावरून जायचं. टांगलेली फ्रेम सूतभर कलली तरी त्यांना रस्त्यापलीकडून दिसायची. अशा माणसाला सकाळी उजव्या कुशीवर वळताक्षणी सगळं छप्पर कलंडताना दिसावं, याची त्यांना लाज वाटे. भीतीपेक्षा लाज जास्त.

म्हणून त्यांनी तोडगे काढले होते. डाव्या कुशीवर झोपायचं. उठताना आधी बसायचं, देवाचं नाव घेतल्यासारखं करून डोळे मिटायचे, मग पाय खाली सोडायचे. दुकानात कुणी वरच्या ओळीतला फोटो मागितला तर "तो गेलेला आहे" म्हणायचं आणि खालच्या ओळीतला पुढं करायचा. वरच्या ओळीतला एक व्यंकटेश त्यामुळं चार महिने धूळ खात होता.

तुंगाबाई म्हणायच्या, पित्त. वासुदेवराव म्हणायचे, पित्तच. नवराबायकोचं एकमत झाल्यावर डॉक्टर सुनेला विचारायचं काही कारण उरलं नव्हतं.

नीरजाला काय हवं होतं

नीरजा कान-नाक-घशाची डॉक्टर. नोकरी करता करता वरच्या पदवीचा अभ्यास चालू होता. तिच्याकडं चकरेचे रोगी यायचे. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारी एक वस्तू असते, ती बिघडली की माणूस उभ्या उभ्या आपटतो. पण आधी कानाकडं बघायचं कुणाच्या मनात येत नाही. माणूस घाबरतो, घरचे घाबरतात, आणि थेट मेंदूचं चित्र काढून आणतात. त्या सत्त्याण्णव सालात बंगळुरात तसलं यंत्र मोजक्याच ठिकाणी होतं, तरी आणायचे. चित्रात कुठंतरी बारीक पांढरे ठिपके निघायचे. कागदावर ते छापून यायचं. मग कान राहायचा बाजूला आणि घरात रडारड सुरू व्हायची, की मेंदूला डाग पडले.

"ठिपक्यांचा आणि चकरेचा काही संबंध आहे, की त्या वयाच्या कुणाच्याही डोक्यात ते निघतात, हेच बघायचंय मला," ती जेवताना सांगत होती. "रोग्यांची चित्रं आहेत माझ्याकडं. पण निरोगी माणसांची डोकी कुठून आणू? निरोगी माणूस दवाखान्यात कशाला पाऊल टाकेल?"

मग तिनं यल्लव्वाचं सांगितलं. निपाणीकडची बाई, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका कपड्यांच्या फॅक्टरीत शर्टांना कॉलर लावते. एका सकाळी उठली ती जमिनीवरच पडली. डावा कान आतून विझलाय, हे नीरजानं तपासून काढलं होतं. हळूहळू सावरतही होती. पण तिच्या चित्रात ठिपके होते आणि ते सुपरवायझर बाईच्या कानावर गेलं होतं. डोक्यात डाग असलेल्या बाईला मशीनवर बसवून उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? डाग निरुपद्रवी आहेत असं डॉक्टरकडून लिहून आण, मग बघू.

"मग दे की लिहून," वासुदेवराव म्हणाले.

"कशाच्या जोरावर देऊ? बाहेरच्या देशांत थोडंफार बघितलंय लोकांनी. आपल्याकडच्या माणसांचं कुणी बघितलंच नाही. निरोगी माणसं मिळाली, की मला ते वाक्य लिहिता येईल."

वासुदेवरावांनी भातावर सार ओतून घेतलं. ते वाक्य आपल्यामुळं लिहिलं जाणार, या विचारानं त्यांना बरं वाटलं.

बाग

बागेतल्या मंडळींत सगळे जुने बंगळुरी मराठी. घरात मराठी, दुकानात कन्नड, रागावले की दोन्ही. डॉक्टरांनी तंबी दिल्याशिवाय म्हातारा माणूस पहाटे फिरायला बाहेर पडत नाही, ही साधी गोष्ट वासुदेवरावांच्या ध्यानात आली नाही. आणि नवल म्हणजे नीरजाच्याही आली नाही.

"करणार काय आम्हाला?" टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या आप्पासाहेबांनी विचारलं.

"फोटो काढणार. डोक्याच्या आतला."

"आणि आत काहीच निघालं नाही तर?" विम्याची कामं करणारे बिंदुमाधव म्हणाले.

"तुमचं तेच निघणार. आम्ही कुणाला सांगणार नाही."

हसणं ओसरल्यावर वासुदेवरावांनी आवाज बारीक केला. "हे बघा, घरच्या पोरीचं काम आहे. तिथं जाऊन कुणी रडगाणं गायचं नाही. चक्कर येते का विचारलं, की नाही म्हणायचं. तिला निरोगी माणसं पाहिजेत."

"मला कधीतरी उठताना स्वल्प..." आप्पासाहेबांनी सुरुवात केली.

"उठताना सगळ्यांनाच होतं, आप्पासाहेब. त्याला चक्कर नाही म्हणत, वय म्हणतात."

"सरी, सरी. बरं, नाही म्हणतो."

असे अकरा जमले. अकरावे स्वतः वासुदेवराव.

तपासणी

नीरजानं सगळ्यांना चहा पाजला. मग एकेकाला समोर बसवून प्रश्न.

"चक्कर?"

"छे."

"कानात आवाज?"

"आमच्या घरात आवाज फक्त एकाच माणसाचा, पोरी. बाकी कान मोकळे."

सरळ रेषेवर टाचेला चवडा लावून चालायला लावलं. म्हातारे लग्नात अंतरपाटापाशी निघाल्यासारखे छाती काढून चालले. डोळे मिटून उभं केलं. उभे राहिले.

एक तपासणी उरली होती. माणसाला कॉटवर बसवायचं, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरायचं, एका बाजूला वळवायचं, आणि त्याला झटक्यात मागं असं पाडायचं की डोकं कॉटच्या कडेवरून खाली लोंबेल. मग त्याच्या डोळ्यांकडं बघायचं. कानात खडे सुटले असतील तर डोळे नाचायला लागतात. रोग्यांची ही तपासणी नीरजा दिवसातून कितीदा तरी करायची. हात बसला होता.

या अकरांपैकी एकाचीही तिनं ती केली नाही.

लग्न होऊन आली तेव्हा या अकराही जणांच्या पाया पडली होती ती. ज्यांच्या पायाला हात लावायचा त्यांच्या डोक्याला हात घालून त्यांना उताणं पाडायचं? त्यात पहिला नंबर सासऱ्यांचा. आप्पासाहेबांच्या खांद्यापर्यंत तिचा हात गेला होता, तेवढ्यात ते म्हणाले, "सांग पोरी, काय करू?" आणि हात मागं आला. लक्षणंच नाहीत तर कशाला, असं ती मनाशी म्हणाली. "झालं काका," असं मोठ्यानं म्हणाली.

वासुदेवराव दाराशी उभे होते. त्यांच्या जिवात जीव आला.

हललेला काप

बोगद्यासारख्या त्या यंत्रात उताणं झोपवलं आणि आत सरकवलं तेव्हा एक-दोन श्वास काही झालं नाही. मग झालं. डोळे मिटले होते तरी सगळं फिरलं. खालची फळी, वरचं छत, पोटातला चहा. बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारत असल्यासारखा आवाज चालला होता. वासुदेवरावांनी काहीतरी धरायला हात उचलला, तो छताला आपटला.

"अंकल, हलू नका," यंत्र चालवणाऱ्या मंजुनाथचा आवाज आला. "फोटो खराब होतोय. काय झालं?"

आत, फिरत्या अंधारात, वासुदेवरावांना खरं बोलायला चांगली जागा होती. ऐकणारा परका होता, तोंड दिसत नव्हतं.

"शिंक आली," ते म्हणाले.

पुन्हा काढावं लागलं.

खिडकी

आठ दिवसांनी, शनिवारी, नीरजा मोठा पिवळसर लखोटा घेऊन घरी आली. आतली फिल्म काढून तिनं खिडकीच्या काचेवर धरली. वासुदेवराव पाहत राहिले. काळी जमीन, तीवर ओळीनं मांडलेले करड्या अक्रोडाचे काप. कडा कशा सारख्या सुटल्या होत्या! कापणाऱ्याचा हात चांगला होता.

"हे मी?"

"हे तुम्ही. आणि हे बघा." तिनं नखानं दाखवलं. तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे चार-सहा पांढरे ठिपके. "घाबरू नका हं. आप्पासाहेबकाकांना तुमच्याहून जास्त आहेत. अकरातल्या बहुतेकांना आहेत. माझ्या रोग्यांना आहेत साधारण तितकेच."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्यांना कसलाच त्रास नाही त्यांच्याही डोक्यात हे असतात. वयानं पिकल्याच्या खुणा, केसासारख्या." तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा फुललेला होता. "यल्लव्वाला सोमवारी बोलावलंय. तिला ते वाक्य लिहून देता येईल आता. तुमच्यामुळं, अण्णा. तुम्ही निरोगी नसता तर काय केलं असतं मी?"

बोलायची हीच वेळ होती. वासुदेवरावांनी तोंड उघडलंही.

"फ्रेम करून देऊ का?" ते म्हणाले.

नीरजा खळखळून हसली. आतून तुंगाबाई हसल्या नाहीत.

इथला काप नाही

रविवारी काहीच घडलं नाही. वासुदेवराव बागेत गेले नाहीत, एवढंच.

सोमवार

नीरजा घाईत निघाली आणि सासऱ्यांचा लखोटा खिडकीशीच राहिला. तो घेऊन वासुदेवराव बसनं दवाखान्यात गेले. नेऊन द्यायचा आणि देताना सांगून टाकायचं, असं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत ते नुसतं नेऊन द्यायचं यावर आलं.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर तसलाच लखोटा, आणि बाकाची कड घट्ट धरलेला डावा हात. वासुदेवराव शेजारी टेकले तशी तिनं त्यांचा लखोटा पाहिला.

"तुमचंबी डोसक्याचं?"

"हो."

"डाग हाईत?"

"आहेत की चार-सहा."

बाई त्यांच्याकडं वळली. हळू, सगळं अंग मिळून, मान एकटी न वळवता. वासुदेवरावांना तो वळण्याचा प्रकार ओळखीचा वाटला. "व्हय? आणि मग? फिरतंय का न्हाई तुमाला?"

"तुम्ही यल्लव्वा काय?"

"तुमाला कसं ठावं?"

"मी डॉक्टरबाईंचा सासरा."

"अगं बाई! मग तुमीच ते! बाई परवा म्हनल्या, माज्या सासऱ्यास्नीबी डाग हाईत आणि गडी ठणठणीत हाय. म्हनून तर मला काल झोप लागली बगा." ती पुढं वाकली. "खरं सांगा. एकदाबी फिरलं न्हाई?"

तिचे डोळे त्यांच्या तोंडावर होते. आता येते म्हणावं तर बाईची झोप जाणार: डाग म्हणजे चक्कर, झालं सिद्ध. नाही म्हणावं तर हे आणखी एक खोटं, आणि तेही अशा माणसाच्या तोंडावर, ज्याची नोकरी त्या उत्तरावर टांगली आहे.

"नाही," ते म्हणाले.

यल्लव्वा उठली. त्यांच्या पायाशी वाकली. वाकली तशी झोक गेला. ती पडू नये म्हणून वासुदेवराव खाली झुकले, तिचा दंड धरला आणि तिच्यासकट झटक्यात वर आले. आणि मग बाक, भिंत, बाई, सगळं निघालं. दोघंही एकमेकांना धरून बाकावर आदळली.

डोळे उघडले तेव्हा यल्लव्वा त्यांच्या तोंडापुढं तोंड आणून बघत होती.

"डोळं नाचत्यात तुमचं," ती म्हणाली. "माजं असंच नाचत हुतं त्या दिवशी. मालक माजा बघून वरडला हुता." तिनं त्यांचा हात सोडला. "खोटं बोलला तुमी."

वासुदेवरावांनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"म्हंजी डागानंच फिरतंय. तुमाला डाग, तुमालाबी फिरतंय. मलाबी." तिनं दोन्ही हातांनी लखोटा छातीशी धरला. "आता मला कोन घेतंय कामावर?"

तोपर्यंत नीरजा दारात आली होती. तिनं किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सगळं ऐकलं होतं.

हात

ती ओरडली नाही. त्यांना आत नेलं, यल्लव्वालाही बोलावलं.

"कधीपासून, अण्णा?"

"चैत्रापासून. पित्त आहे ते."

"कॉटवर बसा."

"नीरजा, ऐक..."

"बसा."

बाकीच्या जगात सासरा आणि सून यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर असतं. चहाचा कप देतानाही ते पाळलं जातं. नीरजानं दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. तिचे हात गार होते. शेंडीच्या जागेपासून कानापर्यंत कुणीतरी आपलं डोकं असं धरल्याला किती वर्षं झाली, हे त्यांना आठवेना.

"डोळे मिटायचे नाहीत. माझ्या नाकाकडं बघायचं."

मान उजवीकडं वळली आणि ते मागं कोसळले. एक श्वास काही नाही. मग जग सुटलं. "अय्यो, सोड गं!" ते ओरडले. तिनं सोडलं नाही. थोड्या वेळानं फिरणं मंदावलं, थांबलं. तिनं डोकं तसंच धरून सावकाश डावीकडं नेलं. पुन्हा गरगर. मग त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, तोंड जमिनीकडं. मग बसवलं. तिचा हात त्यांच्या मानेमागं होता.

"बघितलंस, यल्लव्वा?" ती धापा टाकत होती. "यांच्या कानात खडे सुटलेत. कणीएवढे. डोकं हललं की ते हलतात, म्हणून फिरतं. आता ते खडे जागेवर ढकललेत. एक-दोनदा करावं लागेल, मग थांबेल."

"आणि डाग?"

"डाग आहेत तिथंच राहतील."

"मग माजंबी असं ढकला."

"तुझं तसं नाही. तुझा कान विझलाय, त्याला वेळ लागतो. डोकं शिकतं हळूहळू."

"पन डागानं फिरत न्हाई, हे तर खरं की न्हाई?"

नीरजा खुर्चीत बसली.

"मला तसं वाटतं," ती म्हणाली. "पण शनिवारी वाटलं होतं, ते लिहून देता येईल. आज देता येत नाही."

अकरा वजा

"बाकीच्यांचं सांगा," संध्याकाळी घरी तिनं विचारलं. "खरं."

वासुदेवरावांना वाटलं नव्हतं की मित्रांना असं एकेक करून विकावं लागेल. आप्पासाहेबांना उठताना अंधारी येते. बिंदुमाधवांचा एक कान सतत शीळ घालतो. रेडिओ बिघडला म्हणून त्यांनी दोनदा रेडिओ उघडला होता. दुसऱ्या एकाला वर्षापूर्वी आठ दिवस अंथरूण सोडवलं नव्हतं. काहींचं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि आता त्या ठाऊक नसण्याचाही भरवसा नव्हता.

"जे चांगले आहेत तेवढे ठेव की," ते म्हणाले.

"चित्रं बघून झालीत माझी, अण्णा. आता निवडायला बसले तर मला हवे तेच चांगले ठरतील." ती तव्यावरची भाकरी बघत होती. "सगळी काढायची. नव्यानं माणसं शोधायची, ओळखीची एकही नको. परीक्षा पुढच्या खेपेला."

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं. आणि माझ्यामुळंही. ती एक तपासणी केली असती तर पहिल्याच दिवशी सापडला असता तुम्ही. मला हात लावायला संकोच वाटला."

तुंगाबाईंनी भाकरी उलटली. "मी म्हणत होते पित्त," त्या म्हणाल्या. "मलाही विचारायचं नाही आता काही."

सगळ्यात खालचा काप

नीरजानं यल्लव्वाला कागद दिला. त्यात डाव्या कानाचं सगळं होतं: काय बिघडलं, किती भरून आलं, बसून काम करायला हरकत नाही. डागांबद्दल एकच ओळ होती, की त्यांचा अर्थ आज सांगता येत नाही.

"ही वळ काढा की, अक्का," यल्लव्वा म्हणाली होती. "तेवढीच वाचतीय ती सुपरवायझर धनलक्ष्मी."

ओळ राहिली. म्हणून वासुदेवराव तिच्याबरोबर पीण्याला तिच्या फॅक्टरीत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. आपला लखोटाही त्यांनी घेतला.

सुपरवायझर धनलक्ष्मी तिशीची, चष्म्याची, कामात गळ्यापर्यंत बुडालेली. तिनं कागद वाचला आणि यल्लव्वानं सांगितलं तसंच त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? डागानं काही होत नाही असं लिहून आणायला सांगितलं होतं."

वासुदेवरावांनी फिल्म काढून तिच्या खोलीच्या काचेवर धरली. कन्नडमध्ये म्हणाले, "हे माझं डोकं, अम्मा. हे डाग. मलाही चक्कर येत होती. ती कानाची निघाली, परवा बरी केली सुनेनं. डाग तसेच आहेत. मी रोज काच कापतो, बोटं शाबूत आहेत." त्यांनी दहाही बोटं दाखवली.

"म्हणजे डागाचा संबंध नाही."

इथं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. यल्लव्वा त्यांच्याकडं बघत होती.

"माझ्या एकट्याच्या डोक्यावरून तसं म्हणता येत नाही," वासुदेवराव म्हणाले. "सून म्हणते, ठाऊक नाही. कानाचं ठाऊक आहे ते तिनं लिहिलंय."

धनलक्ष्मीनं चष्मा काढून डोळे चोळले. आतल्या शेडमध्ये मशिनी गर्जत होत्या. "ठाऊक नाही असं सांगायला तुम्ही एवढ्या लांब आलात?"

"हो."

"सरी." तिनं कागद टाचून ठेवला. "मशीनवर नाही बसवणार. धागे कापायच्या टेबलावर बस. महिनाभर बघू."

"धागं?" यल्लव्वाचा आवाज चढला. "त्या कालच्या पोरींत? कॉलर लावतीया मी, धनलक्ष्मी, तू इथं यायच्या आदीपासनं!"

"महिनाभर म्हटलं ना. नको असेल तर राहू दे."

बाहेरच्या बोळात यल्लव्वानं पदर कमरेला खोचला. वासुदेवराव फिल्म लखोट्यात घालत होते, ती नीट आत जाईना.

"आदीच खरं सांगितलं असतंसा तर बाईनं दुसरी मानसं धुंडली असती," ती म्हणाली. "न्हाईतर आता तरी खोटं रेटायचं. मशीन गावलं असतं मला. कुटलं तरी एक धरायचं की वो!"

"बरोबर आहे तुझं."

"माजं बरोबर असून काय उपेग?"

ती भिंतीला हात लावत शेडच्या दाराशी गेली. तिथं थांबली. मागं मान वळवली नाही, तशीच उभी राहून बोलली.

"नवी मानसं कदी धुंडणार हाईत बाई?"

"सुरुवात केलीय. परकी बघतेय."

"आमच्या फॅक्टरीत बाया हाईत पन्नाशीच्या. धडधाकट. मी इचारते." मग, "मी इचारते म्हंजी, खरं इचारते. तुमच्यावानी न्हाई."

आणि ती आत गेली.